घाटातली एसटी, एका ओळीत

सध्या मला लांबून बघितलं तरी लोक वाट वाकडी करतात. छापखान्यातल्या बाइंडरपासून सोसायटीच्या सेक्रेटरींपर्यंत भेटेल त्याला मी एकच गोष्ट सांगत सुटले आहे. घरच्या साध्या संगणकावर, इंटरनेटची वायर काढून ठेवलेली असताना, काळ्या पडद्यावर एक ओळ टाईप करायची, एंटर मारायचं आणि तीन-साडेतीन मिनिटांत फोल्डरमध्ये चित्र हजर. त्याआधी जगात कुठेच नसलेलं चित्र! लॉगिन नाही, वर्गणी नाही, 'आजचा कोटा संपला, उद्या या' नाही. मशीन आपलं, वीज आपली, आणि ओळही आपली.

"अहो, हे तर फोनवरही होतं की," सेक्रेटरी म्हणाले. होतं ना! भाच्याने मला ते कधीच दाखवलं होतं. गंमत वाटली, पण जीव काही गुंतला नाही. आज दिलेले शब्द उद्या पुन्हा दिले तर दुसरंच चित्र; आवडलेल्या चित्रातला नुसता ढग बदला म्हटलं तर डोंगरासकट सगळं बदलून हातात. कशावर म्हणून पकड नाही. आणि मी पडले डीटीपीवाली. ओळीतलं अंतर अर्ध्या पॉइंटाने कमी-जास्त करण्यात जिचं आयुष्य गेलं, तिला 'मिळेल ते गोड मानून घ्या' कसं चालेल?

काळ्या पडद्याची तर मला भीती नव्हतीच. मी संगणक शिकले तो डॉसवर. लुकलुकणारा कर्सर, आपण काहीतरी हुकूम सोडायचा आणि मशीनने तो निमूट पाळायचा. मग विंडोज आलं, श्रीलिपी आली, पेजमेकर आलं, हातात माउस आला आणि ती हुकमत कुठेतरी हरवली. त्यामुळे भाच्याने माझ्या जुन्या मशीनवर उबुंटू घातलं, त्यात हा चित्रांचा प्रोग्रॅम बसवला आणि म्हणाला, "मावशी, यात बटणं नाहीत हं, सगळं लिहावं लागेल," तेव्हा मला हसूच आलं. अरे, लिहायचंच तर आहे!

तर ते साधन. नाव आहे 'स्टेबल-डिफ्यूजन-डॉट-सीपीपी'. त्यातलं 'स्टेबल डिफ्यूजन' हे चित्र काढणारं मॉडेल २२ ऑगस्ट २०२२ रोजी सगळ्यांसाठी खुलं झालं. म्युनिकच्या लुडविग मॅक्सिमिलियन विद्यापीठातल्या संशोधकांचं मूळ काम, सोबत रनवे आणि स्टॅबिलिटी एआय या दोन कंपन्या. आणि 'सीपीपी' म्हणजे ते मॉडेल चालवणारा, सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला सुटसुटीत प्रोग्रॅम. त्याच्या पोटात जॉर्जी गेर्गानोव या बल्गेरियन प्रोग्रॅमरची 'जीजीएमएल' नावाची लायब्ररी आहे; साध्या संगणकावर भाषेची मॉडेलं चालवण्याचं जे वेड जगभर पसरलं, तेही तिच्याच जोरावर. महागडं ग्राफिक्स कार्ड असेल तर उत्तम, नसेल तर साध्या प्रोसेसरवरही हे चालतं. माझ्याकडे नाही. चालतं!

मॉडेलची फाईल चार जीबीच्या वर. हाच प्रोग्रॅम ती आवळूनही देतो: आतले आकडे कमी अचूकतेने साठवायचे आणि फाईल निम्म्याहून लहान करायची. चित्रात फरक मला तरी दिसला नाही, आणि माझी नजर कशी आहे ते आमच्या मुद्रितशोधकांना विचारा.

मग ती पहिली ओळ. प्रोग्रॅमचं नाव, डॅश एम आणि मॉडेलची फाईल, डॅश पी आणि अवतरणचिन्हांत हवं ते वर्णन. बस. मी इंग्रजीत लिहिलं: पावसाळा, सह्याद्रीचा घाट, धुकं, लाल बस. एंटर. पडद्यावर ओळी धावायला लागल्या. मॉडेल वाचतोय, वाचलं, शब्द समजून घेतले, अमुक पद्धतीने सुरुवात करतोय. मग एक पट्टी उमटली, बरोबरीच्या चिन्हांची, आणि तिच्या शेवटी १/२०, थोड्या वेळाने २/२०, ३/२०, एकेका पायरीला नऊ-नऊ सेकंद. पंखा घरघरतोय, पट्टी सरकतेय आणि मी खुर्चीच्या टोकावर! २०/२०. चित्र उलगडतोय. 'आउटपुट डॉट पीएनजी' या नावाने साठवलं.

उघडलं. हिरवेगार डोंगर, कड्यावरून उतरणारं धुकं, ओला काळा रस्ता, आणि त्या रस्त्यावर, खंबाटकीलाही वळता येणार नाही अशी, लंडनची दुमजली लाल बस.

मी इतकी हसले की शेजारच्या काकू दार वाजवून विचारून गेल्या. पण खरी मजा त्यानंतर सुरू झाली, आणि तीच सांगण्यासाठी मी लोकांच्या वाटा अडवते आहे. फोनवर असतं तर मी 'पुन्हा' हे बटण दाबलं असतं आणि तो डोंगर, ते धुकं कायमचं गेलं असतं. इथे मी काय केलं? वरचा बाण दाबला, जुनी ओळ परत आली, तिच्या शेवटी डॅश एन लावून 'हे नको' या खात्यात 'दुमजली' असं लिहिलं आणि एंटर. तोच डोंगर! तेच धुकं, तेच वळण, रस्त्यावरचं डबकंसुद्धा जिथल्या तिथे. फक्त बसचा वरचा मजला गेला! अंगावर काटा आला माझ्या. चित्रात मुद्रितशोधन करता येतं? एक शब्द खोडून बाकीचा मजकूर तसाच ठेवता येतो?

येतो, आणि त्याचं कारण आहे एक आकडा. त्याला सीड म्हणतात. चित्राची सुरुवात होते निव्वळ खरखरीतून, जुन्या टीव्हीवर कार्यक्रम संपल्यावर दिसायच्या त्या मुंग्यांमधून. कुठल्या मुंग्या, ते हा आकडा ठरवतो. आकडा तोच, तर मुंग्या त्याच. मुंग्या त्याच आणि शब्दही तेच, तर चित्र अगदी तेच, आज काढा नाहीतर पुढच्या दिवाळीत. तुम्ही काही सांगितलं नाहीत तर हा प्रोग्रॅम ४२ धरतो. डग्लस ॲडम्सच्या कादंबरीत जगाच्या अंतिम प्रश्नाचं उत्तर म्हणून येणारा तो ४२, आणि संगणकवाल्यांना त्याचं भलतं प्रेम. माझी पहिली एसटी ४२ नंबरची!

मी भाच्याला चित्र पाठवलं नाही. ओळ पाठवली. त्याच्याकडे बाणेरला तेच मॉडेल होतं. थोड्या वेळाने त्याचा फोन: "मावशी, चालत नाहीये गं." चालणार कशी? त्याच्या फोनने दोन छोट्या डॅश जोडून एक लांब डॅश केली होती आणि सरळ अवतरणचिन्हं वळणदार करून टाकली होती. मी जन्मभर जे काम पैसे घेऊन केलं, ते त्याच्या फोनने फुकटात केलं, आणि इथे नेमकं तेच विष! सरळ चिन्हं घातली, आणि बाणेरच्या पडद्यावर माझी एसटी आली. तीच, त्याच डबक्यापाशी. त्याच्याकडे ग्राफिक्स कार्ड आहे, त्यामुळे काही सेकंदांतच. ओळभर अक्षरांत अख्खा घाट प्रवास करून गेला, आणि हे मी अक्षरजुळणी करणाऱ्या बाईने बघायचं म्हणजे काय, ते तुम्हीच समजा.

आत काय चालतं ते मी भाच्याकडून खोदून खोदून काढलं आणि मग स्वतः वाचत बसले. ५१२ बाय ५१२ ठिपक्यांचं चित्र हे मॉडेल थेट काढतच नाही. ते काम करतं एका आक्रसलेल्या जागेत, ६४ बाय ६४ घरांच्या, दर घरात चार आकडे. म्हणजे आकड्यांचा पसारा ४८ पटींनी कमी. म्हणून तर ते माझ्या मशीनवर मावतं. या घरांत सुरुवातीला नुसती खरखर. दर पायरीला मॉडेल अंदाज बांधतं की यातली खरखर किती आणि कुठे, ती थोडी वजा करतं आणि उरलेल्याकडे पुन्हा बघतं. वीस वेळा. शेवटी दुसरा एक भाग त्या ६४ घरांचं ५१२ ठिपक्यांत रूपांतर करतो. कोणी कुंचला फिरवत नाही. खरखर काढता काढता घाट उरतो.

आणि शब्दांचं काय? इथे तर मी खुर्चीवरून उठलेच. दर पायरीला मॉडेल तो अंदाज दोनदा बांधतं: एकदा तुमचे शब्द ऐकून, एकदा न ऐकता. दोन्हींत जो फरक पडतो तो म्हणजे तुमच्या शब्दांचं वजन, आणि तो फरक सात पटींनी ताणायचा. सात हा नेहमीचा आकडा. सीएफजी-स्केल नावाने तो ओळीत बदलता येतो. दोनपर्यंत खाली आणला तर मॉडेल आपल्याच तंद्रीत भलतंच काही काढतं. पंधरावर नेला तर रंग जळल्यासारखे भडक, जत्रेतल्या कॅलेंडरसारखे. आणि ते 'हे नको'चं खातं? ते त्या दुसऱ्या, न ऐकता बांधलेल्या अंदाजाच्या जागी बसतं. म्हणजे मॉडेल नुसतं तुमच्या शब्दांकडे जात नाही, नको त्या शब्दांपासून पळतंही. दुमजली बस अशी पळाली होती!

पुढची पायरी म्हणजे लूप. टर्मिनल आहे म्हटल्यावर एकच हुकूम शंभरदा सोडायला कोण अडवतंय? 'फॉर' लावायचा, सीड एकापासून मोजत न्यायचा, झोपायला जायचं. सकाळी फोल्डर उघडला तर घाटच घाट, शंभरावर. त्यांची एकेक खिडकी कोण उघडणार. इमेजमॅजिक नावाच्या जुन्या-जाणत्या प्रोग्रॅमचा 'मोंटाज' हा हुकूम सोडला, आणि सगळ्यांचं एक मोठं पान तयार झालं, प्रत्येकाखाली नंबर. चहा घेत त्यावर लाल पेनाने खुणा केल्या. हो, प्रिंट काढून! सवय जात नाही.

पण मला सगळ्यात वेड लावलं ते बारा महिन्यांनी. एका मजकुराच्या फाईलमध्ये बारा ओळी लिहिल्या, चैत्र ते फाल्गुन. सीड एकच, घाट एकच, फक्त ऋतूचं वर्णन बदलतं. एकेक ओळ वाचायची आणि चित्र काढायचं, असा तीन ओळींचा प्रोग्रॅम भाच्याने लिहून दिला. आणि मग तेच वळण, तीच डोंगराची सोंड, एकामागून एक वेष बदलत समोर आली. वैशाखात गवत पिवळं, रस्ता पांढुरका. श्रावणात हिरवं, उन्हाचे कवडसे. आश्विनात आभाळ निवळलेलं. आणि पौषात हिमवर्षाव! मी 'हिवाळा' लिहिलं होतं ना. मॉडेलच्या लेखी हिवाळा म्हणजे बर्फ. सह्याद्रीवर वीतभर बर्फ आणि त्यातून वाट काढणारी आपली एसटी. मग 'हिवाळा' काढून 'वाळलेलं गवत, सकाळचं दाट धुकं, कोवळं ऊन' असं लिहिलं, आणि काय पौष आला, वा! ऋतूचं नाव न घेता ऋतू सांगायचा. चांगल्या कवीला हे कुणी सांगावं लागत नाही. मला मशीनने सांगितलं. ते बर्फाचं चित्र मात्र मी जपून ठेवलंय.

मॉडेलला आपल्याकडचं फारसं ठाऊक नाही, हे उघड आहे. त्याला शिकवलं ते इंटरनेटवरून गोळा केलेल्या चित्रांवर, आणि त्यांच्या इंग्रजी मथळ्यांवर. 'लायन' नावाच्या त्या संग्रहाचा दोन अब्जांचा इंग्रजी भाग त्यासाठी वापरला. आता महाडच्या स्टँडवरच्या एसटीचा फोटो काढून त्याला इंग्रजीत नीट मथळा कोण देतो? लाल बस म्हटलं की लंडनच येणार. मराठीत सांगून बघितलं, देवनागरीत. मॉडेलने घाट नाही, बस नाही, दागिन्यांनी मढलेली एक बाई काढून दिली. त्याच्या शब्द वाचणाऱ्या भागाला आपली लिपी म्हणजे नुसत्या बाइटांचे तुकडे. त्या तुकड्यांवरून 'हे काहीतरी भारतीय' एवढाच वास त्याला लागला असावा.

आणि पाट्या! एसटीच्या कपाळावरची पाटी मोठी करून बघितली तर शिरोरेखा आहे, खाली काने-मात्रांसारखं काहीतरी लोंबतंय, पण अक्षर म्हणाल तर एकही नाही. जोडाक्षरासारखं दिसणारं एक भलतंच प्रकरण आहे, ज्याला मी रोज बघते आणि रोज वाचायचा प्रयत्न करते. देवनागरी ओळखू येते, वाचता येत नाही. दुसऱ्या कुणाच्या हातून हे झालं असतं तर मी पान परत पाठवलं असतं.

लांबचे चेहरेही असेच बिघडतात. खिडकीतून डोकावणारा प्रवासी म्हणून जे दिसतं ते बटाट्यावर रेघा ओढल्यासारखं. याचं कारण कळलं आणि रागच गेला: आतलं एक घर म्हणजे बाहेरचे आठ बाय आठ ठिपके, आणि खिडकीतला चेहरा जेमतेम तीन-चार घरांचा. तेवढ्यात नाक कुठे आणि डोळे कुठे बसवणार? जवळून काढायला सांगितलं की तोच चेहरा छान येतो. बोटांचं मात्र काही सांगू नका.

पेन्सिलीचं रेखाटन देऊन चित्र काढून घ्यायचीही सोय आहे. मी पाठकोऱ्या कागदावर घाट, वळण आणि चौकोनी बस अशी चार रेघांची खरड केली, फोनने फोटो काढला आणि डॅश आयपुढे त्याचं नाव दिलं. किती बदल करायचा ते 'स्ट्रेंग्थ' ठरवतं, शून्य ते एक. ०.३ वर माझीच खरड थोडी धुरकट होऊन परत आली. ०.९ वर मॉडेलने माझ्या बसचं धरण बांधलं. ०.६ च्या आसपास कुठेतरी माझं वळण आणि त्याचा पाऊस एकत्र नांदायला लागतात. मी दलाल-मुळगावकरांची मुखपृष्ठं बघत वाढले आणि स्वतः कधी धड आंबा काढू शकले नाही. माझ्या हातच्या वाकड्या वळणावर पाऊस पडताना बघून काय वाटलं ते लिहीत नाही, नाहीतर तुम्हीही वाट वाकडी कराल.

घाई असेल तर नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेलं 'एसडी टर्बो' हे मॉडेल आहे: वीसऐवजी एकच पायरी, माझ्या मशीनवर अर्ध्या मिनिटात चित्र. कल्पना चाचपायला झकास. बारकावे मात्र वीस पायऱ्यांतच.

मुखपृष्ठावर मी हे वापरणार का, असं आमच्या चित्रकार मित्राने विचारलं, जरा टोकूनच. नाही. मॉडेल ज्या चित्रांवर शिकलं त्यांच्या चित्रकारांना कुणी विचारलं नव्हतं. सारा अँडरसन, केली मॅकर्नन आणि कार्ला ऑर्टिझ या तीन चित्रकारांनी जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या कोर्टात दावा लावला तो त्यावरूनच, आणि त्यांचा राग मला पूर्ण पटतो. माझ्या पानांवर चित्रकाराचं नाव जातं आणि त्याला मानधन जातं, ते तसंच राहील. पण डमीत? लेखकाला 'इथे असं काहीसं चित्र येईल' हे दाखवायला मी आजवर राखाडी चौकोन टाकत आले. आता त्या चौकोनात पाऊस पडतो. लेखक खूश, आणि चित्रकाराला नेमकं काय हवंय ते सांगणं सोपं. तो मित्र परवा माझ्या शेजारी बसून सीड बदलत होता, आणि जेवायची वेळ झाली तरी उठेना.

आणखी एक. प्रत्येक चित्राच्या फाईलमध्ये, डोळ्यांना न दिसेल असं, त्याचे सगळे शब्द, सीड, पायऱ्या लिहिलेल्या असतात. म्हणजे चित्र सापडलं की ओळ सापडली. कुठल्या चित्रकाराच्या कागदामागे इतकं लिहिलेलं सापडतं?

आता डोक्यात एकच आहे: मॉडेलला आपली एसटी शिकवायची. त्याला 'लोरा' नावाची युक्ती आहे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ती भाषेच्या मॉडेलांसाठी काढली, नंतर चित्रवाल्यांनी उचलली. अख्खं मॉडेल पुन्हा शिकवायचं नाही, वर एक छोटी पुरवणी फाईल चढवायची, वीस-पंचवीस फोटोंवर तयार केलेली, आणि मग ओळीत तिचं नाव घ्यायचं. शिकवण्याचं काम माझ्या मशीनला झेपणारं नाही, त्यामुळे भाच्याला रविवारी जेवायला बोलावलंय, संगणकासकट. फोटो माझे. काल स्वारगेटला गेले आणि बसच्या पुढून, मागून, टपावर जायच्या शिडीचे, खिडक्यांच्या गजांचे फोटो काढायला लागले. एक वाहतूक नियंत्रक आले, फोटो कशाला म्हणून. मी सांगायला सुरुवात केली: काळा पडदा, ओळ, खरखर, बेचाळीस, लंडनची बस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "मग ही कशाला काढताय बाई, हिचा पत्रा बघा कसा झालाय. ती भोरची लागेल आत्ता फलाटाला, तिला नवा रंग दिलाय. तिचे काढा."